सुलभाक्काचं ‘सांगितलं हं’

सुलभाक्का कुणाच्याही दारात आली की आधी घंटी वाजवायची नाही. आधी पायरी दाबून बघायची. उजव्या पायाचा चवडा टेकायचा, स्वल्प वजन टाकायचं, मग टाच. फरशी हलली किंवा ओली लागली की आत यायच्या आधीच तोंड सुरू.

"मास्तर, ही फरशी सुटलीय बघा. कुणी पडलं तर जबाबदार तुम्ही. सांगितलं हं. आता तुम्हाला माहीत आहे."

एवढं बोलली की तिचं काम झालं. मग आत येऊन कॉफी प्यायची, दुसऱ्याच गोष्टी काढायची, हसायची. आणि आपल्याला मात्र रात्रभर ती फरशी दिसत राहायची. मी तिसऱ्या दिवशी सिमेंट आणून ती फरशी बसवली. राग येऊन बसवली.

ती वारली तेव्हा आमच्या समाजाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पन्नास जणांनी हात जोडले. ‘थोर विदुषी’ म्हणे. ‘समाजाच्या मार्गदर्शक’ म्हणे. हेच लोक तिला बघून रस्ता ओलांडायचे. मी काय ते सरळ लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे गोड लिहायला येत नाही आणि इच्छाही नाही.

बसवनगुडीच्या एका गल्लीत माझं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं टेलरिंगचं दुकान, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. समोरच्या घराच्या माडीवर सुलभाक्का भाड्यानं राहायची. आमच्यासारखी इथली जुनी नव्हे, बेळगावकडची. वकिलीची परीक्षा पास झालेली, पण काळा कोट एकदाही अंगावर चढला नाही. नवरा बँकेत होता, दर तीन वर्षांनी बदली. तो वारला, मुलगी लग्न होऊन हेब्बाळला गेली, आणि ही पन्नाशीच्या जवळ आल्यावर इंदिरानगरात एका ऑफिसात लागली.

ते ऑफिस म्हणजे अजब होतं. अमेरिकेतले वकील तिकडच्या खटल्यांचे ढीगभर कागद कॉम्प्युटरवरून इकडे पाठवायचे आणि ही माणसं ते वाचून लावून द्यायची. कोण कुठल्या दुकानात घसरलं, फरशी कधी पुसली होती, ओली आहे अशी पाटी लावली होती की नाही, मॅनेजरला आधी कुणी सांगितलं होतं का. वीस वर्षं हिनं तेच वाचलं. त्या खटल्यांतलं एकही माणूस हिनं डोळ्यांनी बघितलं नाही, पण त्यांच्या गुडघ्यांची हिला खडान्‌खडा माहिती.

माझी बायको अंबू तिला छळायची. "अक्का, तुम्ही अमेरिकेला गेलाय कधी?"

"नाही गं. मला कोण नेतंय? पण तिथं कुठं कुठं पाय घसरतो ते सगळं माहीत हाय की."

तिचं म्हणणं असं, की तिकडच्या कायद्यात नुकसानीचा खटला चार प्रश्नांवर चालतो. काळजी घ्यायचं काम कुणाचं होतं? त्यानं ती घेतली का? त्यामुळेच हे झालं का? आणि झालं ते काय झालं? गल्लीत कुठंही काहीही झालं की ती हे चार प्रश्न विचारायची. कुणाची सायकल पडली तरी. मला फार कंटाळा यायचा. मी एकदा म्हटलं, "अक्का, माझं दूध उतू गेलं, सांगा जबाबदार कोण?" तर गंभीर चेहरा करून विचारते, "गॅसजवळ कोण होतं?"

पण तिचं खरं हत्यार म्हणजे ते ‘सांगितलं हं’. आमच्या शेजारच्या शेषाद्रींच्या कंपाउंडात नारळाचं झाड, रस्त्यावर वाकलेलं. एक दिवस सकाळी ते पेपर वाचत बसलेले, ही गेटाशी उभी.

"तुमचं झाड रस्त्यावर आलंय. खालून शाळेची मुलं जातात. नारळ पडला तर जबाबदार तुम्ही."

शेषाद्री म्हणाले, "आमच्या वडिलांनी लावलंय, अम्मा. आजपर्यंत एक नारळ कुणाच्या डोक्यात पडला नाही."

"आजपर्यंत तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगितलं. आता माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. सांगितलं हं."

शेषाद्रींनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण आठ दिवसांत झाडाला जाळी बांधली. ही मात्र तरीही त्या झाडाखालून जायची नाही. समोरच्या बाजूनं जायची आणि वर बघून जाळीची गाठ तपासायची.

माझ्याशीही तिची एक लढाई झाली. तिच्या ब्लाउजच्या बाह्या मी घट्ट केल्या. मी म्हणालो, कापड आटलं. ती म्हणाली, तुम्ही माप चुकलात. अर्धा तास वाद. शेवटी मी चिडून म्हणालो, "घ्या, शिलाई परत घ्या आणि सोडा मला."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं उठून जाईल, ही बसलीच.

"मास्तर, चूक झाली की कोर्टाकडे निरनिराळे उपाय असतात. नुकसान भरून द्या म्हणतात, तो एक. घेतलं ते परत करा म्हणतात, तो एक. पण कधी कधी कोर्ट सरळ हुकूम करतं, हे कर. किंवा हे करू नकोस. पैशानं भागत नाही तिथं हुकूम. मला तुमचे पैसे नकोत. मला हात वर करून केस विंचरता आले पाहिजेत. उसवा."

मी उसवला. शिवणीत कापड ठेवलं होतं म्हणून बरं. आत अंबू पदर तोंडाला लावून हसत होती.

अंबूचं आणि तिचं फार जुळलं. दुपारी ऑफिसला सुट्टी असली की ही आमच्याकडे. अंबू हुकं लावायची, काठाला हातशिलाई घालायची, ही बाजूला बसून अमेरिकेच्या गोष्टी सांगायची. एकदा अंबूनं सुई तोंडात धरूनच विचारलं, "अक्का, तिकडं दुसऱ्याच्या चुकीनं बायको मेली तर नवऱ्याला काय मिळतं?"

"दवाखान्याचा खर्च, ती घरात जे करायची त्याची किंमत. आणि तिची साथ गेली, त्याचंही मागता येतं."

"साथ? ती कोण मोजणार?"

"बारा माणसं बसवतात. वकील-बिकील नव्हे गं, साधी माणसं. कुणी टेलर, कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी मास्तरीण. नवऱ्यानं त्यांना सांगायचं, बायको कशी होती, काय करायची, कशी बोलायची. ती ऐकतात आणि ठरवतात."

अंबूनं सुई काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचे हे काय सांगतील? फार बडबडायची म्हणतील. उलट यांच्याकडूनच घ्यावं लागेल, घरात शांती आली म्हणून."

तिघंही हसलो. मी सगळ्यात जास्त.

आता त्या दगडाचं सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला समाजाचं कल्याण मंटप आहे. लग्नाचा हॉल. जुना होता तेव्हा माझं लग्न तिथंच झालं. नंतर तो पाडून नवा बांधला आणि दाराशी उतार केला. उताराला काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. अध्यक्ष गोविंदराव, त्यांनी आईच्या नावानं तो दगड दिला. भिंतीत आईच्या नावाची पाटी. दगड इतका गुळगुळीत की त्यात झुंबर दिसायचं.

एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. आमच्या लोकांची खोड अशी, की काळा दगड दिसला की त्याला तेल लावायचं. देवाच्या मूर्तीला लावतात, जात्याला लावतात, मग आईच्या दगडाला का नको? प्रत्येक लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजर मंजुनाथ फडक्याला खोबरेल घेऊन तो उतार पुसायचा. फोटोत चमकतो म्हणे. सकाळी वर रांगोळीसाठी पाण्याचा शिडकावा. त्यावर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता.

सुलभाक्कानं पहिल्याच लग्नाला चवडा टेकून बघितला आणि मंजुनाथला बोलावलं. मी शेजारीच होतो.

"हे तेल कुणी लावलं?"

"नाने, अम्मा." म्हणजे मीच. मंजुनाथ खूश होऊन सांगत होता, त्याला वाटलं कौतुक करतायत.

"इथं कुणीतरी पडणार. सांगितलं हं. आता तुम्हाला माहीत आहे."

"आय्यो अम्मा, अध्यक्षांच्या आईचा दगड आहे. शुभ बोला."

तिनं अध्यक्षांनाही फोन केला. ते म्हणाले, बघू. त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन तिनं अंबूला बजावलं, "तू पुढच्या दारानं जाऊ नकोस हं. ब्लाउज द्यायला जायचं तर मागच्या स्वयंपाकाच्या दारानं जा." अंबू म्हणाली, सरी अक्का, म्हणजे बरं.

आणि त्या दोन वाक्यांवरच पुढं सगळं अडलं.

एका लग्नाला नवरीचा ब्लाउज शेवटच्या घटकेला सैल करून मागितला होता. मी उसवून शिवला, अंबू घेऊन गेली. मुहूर्त जवळ, नवरी खोलीत खोळंबलेली, फोनवर फोन. अंबू आधी मागच्या दाराला गेली. दाराला कुलूप. मग पुढच्या दारानं निघाली. परत येताना नाही, जातानाच घसरली. ब्लाउजची पिशवी छातीशी धरलेली, म्हणून हातही टेकता आला नाही. कुणीतरी आधी पिशवी उचलून नवरीला नेऊन दिली, मग मला बोलवायला आले.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. ती पुन्हा उभी राहिली नाही. पडून पडून छातीत कफ भरला आणि पावसाळा संपायच्या आत गेली. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

गोविंदराव भेटायला आले. डोळे पुसून म्हणाले, "देवाची इच्छा, मास्तर."

सुलभाक्का कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "देवाला मध्ये घेऊ नका. तेल मंजुनाथनं लावलं."

गोविंदराव चहा न घेता उठले. त्या दिवशी मला ती माझ्या रक्ताची वाटली.

मी एका वकिलाकडून नोटीस पाठवली. त्याचे काळे कोट मी वर्षानुवर्षं शिवतो, त्यानं लगेच लिहून दिली. नोटीस गेली आणि समाजात बोंब झाली. ज्यांच्या मुंजीचे कपडे मी शिवले ते मला दुकानात येऊन शिकवायला लागले. "समाजाला कोर्टात ओढणार? स्वतःच्याच घराला?" एक जण म्हणाला, हॉलमध्ये अंबूच्या नावानं एक संगमरवराची पाटी लावू, नाहीतर वर्षातून एकदा अन्नदान करू. मी म्हणालो, तुझ्या नावाची लाव.

मला काय पाहिजे होतं ते सांगतो. दोनच गोष्टी. तो दगड तिथून निघावा, नाहीतर खरबरीत व्हावा, बाजूला धरायला कठडा यावा. आणि गोविंदरावांनी चार लोकांसमोर एवढंच म्हणावं, आमचं चुकलं. रात्री पडल्या पडल्या मला ती अमेरिकेची बारा माणसं दिसायची. ओळीनं बसलेली. मी त्यांना अंबूबद्दल सांगतोय आणि कुणीही मध्येच ‘देवाची इच्छा’ म्हणत नाही.

शेवटी हॉलमध्येच मीटिंग बोलावली. समाजाची कमिटी, त्यांचा वकील, मी आणि साक्षीला म्हणून सुलभाक्का. जाण्याआधी मी तिला माडीवर जाऊन भेटलो. म्हणालो, "अक्का, एवढंच सांगा, मी मंजुनाथला सांगितलं होतं, अध्यक्षांना सांगितलं होतं. बस्स. अंबूचं काढू नका."

ती नुसती चष्मा पुसत राहिली. त्यावरूनच मला कळायला पाहिजे होतं.

मीटिंगमध्ये तिनं नीट सांगितलं, कधी सांगितलं, कुणाला सांगितलं. मंजुनाथ मान खाली घालून उभा. मग त्यांच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "अम्मा, तुम्ही एवढ्या काळजीच्या. मग तुमच्या मैत्रिणीला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"काय?"

"पुढच्या दारानं जाऊ नकोस म्हणून."

वकील खुर्चीत मागं टेकला. "म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून पाय ठेवला."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गुडघ्यांचे कागद लावणारी बाई, हिला एक शब्द गिळता आला नाही. मी उभा राहिलो. तिनं माझ्याकडे न बघता हातानं बसा अशी खूण केली.

"माझं संपलं नाही," ती म्हणाली. "मागच्या दारानं जा असंही सांगितलं होतं. ती आधी तिकडेच गेली. कुलूप कुणी घातलं होतं?"

सगळे मंजुनाथकडे बघायला लागले. मंजुनाथ गोविंदरावांकडे. "अध्यक्षांनीच सांगितलं, सर. मागच्या दारानं जेवणाचे डबे चोरून बाहेर जातात म्हणून."

"तिकडच्या कोर्टात दोघांची चूक वाटून टाकतात," सुलभाक्का म्हणाली. "पडणाऱ्याची किती, पाडणाऱ्याची किती. वाटा की. पण सगळं पुढ्यात ठेवून वाटा."

वकील म्हणाला, "अम्मा, ही अमेरिका नाही."

"नाही. माहीत हाय मला. मी बसनं आले."

दोघं-तिघं हसले. गोविंदराव हसले नाहीत. मला वाटलं, आता बोलतील. ओठ हललेसुद्धा. वकिलानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पुढच्या मीटिंगला बघू. मग उप्पिट्टू आणि कॉफी आली. मी खाल्लं नाही. सुलभाक्कानं खाल्लं, दोनदा मागून घेतलं. त्याचाही मला राग आला.

रस्त्यात मी तिला बोललो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या? अंबू तुम्हाला अक्का म्हणायची ना?"

"म्हणायची. म्हणूनच तिच्या नावावर खोटं उभं करायचं नव्हतं मला. उद्या कोर्टात मंजुनाथच सांगेल, मी अंबूलाही सांगितलं होतं म्हणून. सगळ्या गल्लीला माहीत हाय माझी सवय. मग माझं खरंही खोटं ठरेल."

बरोबर असेल. अजूनही मला वाटतं की तिनं गप्प राहायला पाहिजे होतं. पुढं काय झालं असतं ते मी बघून घेतलं असतं.

पुढची मीटिंग झालीच नाही. आज अध्यक्ष गावाला, उद्या वकील आजारी. लग्नं मात्र थांबली नाहीत आणि तेलही थांबलं नाही. मी मंजुनाथला धरलं, "निदान तेल तरी बंद कर." तो रडकुंडीला आला. "मास्तर, वकील म्हणतात काहीच बदलायचं नाही. आत्ता तेल बंद केलं, दगड बदलला, तर आधीचं चुकीचं होतं असं आपणच कबूल केल्यासारखं होईल."

हे मी सुलभाक्काला सांगायला गेलो. रागावलो होतो तरी गेलो, दुसरं कोण होतं? ती ऐकून उठली, खिडकीशी गेली.

"हेच. हेच होतं बघा सगळीकडे. म्हणून तिकडे एक नियम केलाय. अपघात झाल्यावर दुरुस्ती केली तर ती दुरुस्ती चुकीचा पुरावा म्हणून कोर्टात दाखवता येत नाही. का? तर माणसांनी भिऊन खड्डा तसाच ठेवू नये."

"इथं आहे तो नियम?"

"इथं भांडावं लागेल. पण आपण लिहून देऊ शकतो. दगडाला हात लावला म्हणून चूक कबूल केली असं आम्ही कधी म्हणणार नाही. नोटीसही मागं घेतो. त्याच्या बदल्यात दगडाला टाकी मारून तो खरबरीत करा, कठडा लावा, तेल बंद, मागचं दार उघडं. एवढं ते करतील. त्यांच्या वकिलालाही आवडेल."

"आणि चुकलं असं कोण म्हणणार?"

"कुणी नाही म्हणणार, मास्तर."

मी तिच्या माडीचा जिना उतरून आलो तो महिनाभर चढलो नाही. समोरासमोर आली तर मान फिरवली. तीही दुकानाच्या पायरीवर चवडा टेकायला आली नाही. मी केस लढणार होतो. दहा वर्षं लागू देत. मी सत्तरी ओलांडलीय, दहा वर्षं कुठून आणणार होतो ते देवाला माहीत.

मग एका रविवारी सकाळी मी दूध आणायला निघालो होतो. हॉलमध्ये लग्न. कुणाची तरी आजी, नऊवारी रेशमी, नातीचा हात सोडून फोटोसाठी एकटीच ऐटीत उतार चढायला लागली. मला अंबू दिसली असं म्हणणार नाही, ती अंबूसारखी अजिबात नव्हती, चांगली जाड होती. पाय सरकला. फोटोवाल्यानं कॅमेरा सोडून तिला धरलं. ती हसली, सगळे हसले. कॅमेरा फुटला त्याचंच सगळ्यांना वाईट वाटलं. मंजुनाथ दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला.

मी दूध न घेताच माडीवर गेलो. म्हणालो, "लिहा तो कागद."

मला वाटलं होतं, काहीतरी शिकवेल. तिनं सरळ लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मात्र बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसली. मग म्हणाली, "वीस वर्षं असेच कागद वाचले हो मी. बहुतेक खटले बारा माणसांपर्यंत जातच नाहीत. मधेच तडजोड होते आणि शेवटी तेच वाक्य, आम्ही कुठलीही चूक कबूल करत नाही. बाळ गेलेलं असतं, हात गेलेला असतो, आणि खाली ते वाक्य. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी तिथं लिहील, चुकलं आमचं. एकदा. तेवढ्यासाठी शेवटचं पान आधी उघडायची मी."

"मिळालं?"

"नाही की."

त्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली, पायरी दाबून बघितली, आत बसली. हुकांचा डबा पुढ्यात ओढला. लावता तिला येत नव्हती, नुसती चाळवत होती. म्हणाली, "अंबूचं सांगा. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाही. मी दिवे लागेपर्यंत सांगत होतो. तिनं एकदाही चार प्रश्न विचारले नाहीत.

कमिटीनं कागद मान्य केला. दगडाला टाकी मारायला गवंडी आला तेव्हा गोविंदराव स्वतः येऊन उभे राहिले. पहिली छिन्नी पडली तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आईच्या पाटीकडे. खांदे हलत होते. मला कीव आली नाही. स्वल्प आली. मी पाच पावलांवर उभा होतो. त्यांना तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. तिथं वकील नव्हता, कागद नव्हता. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. रुमाल खिशात घालून गाडीत बसले.

सुलभाक्काचे डोळे अधू होत गेले, ऑफिस सुटलं. मुलगी तिला हेब्बाळला घेऊन जायला आली. सामान आधीच गेलं होतं. हिच्या हातात एक पिशवी आणि पाण्याची बाटली. माझ्या दुकानाच्या पायरीवर चवडा टेकला, मान हलवली. गाडीत बसली. गाडी हॉलपाशी गेली आणि थांबली. मला वाटलं काही विसरली.

ती उतरली. सकाळची वेळ, मंजुनाथचा माणूस नळीनं उतार धूत होता. ही त्या वाहत्या पाण्यात चपलेसकट गेली. चवडा, टाच. चवडा, टाच. वरपर्यंत चढली आणि उतरली. मुलगी गाडीतून ओरडत होती, "आई, ट्रॅफिक लागेल!" हिनं कठड्याचा पाइप दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. मग मंजुनाथला बाहेर बोलावलं. लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिचं बोट त्या पाइपाच्या तळाशी होतं आणि मंजुनाथ कपाळावर हात मारत होता. काय बोलली असेल ते मला ऐकायची गरज नव्हती. मग पदरानं हात पुसून, डोळे बारीक करून गाडीचं दार शोधत शोधत ती आत बसली. ती मला शेवटची दिसली ती तेव्हाच. हिवाळ्यात तिच्या मुलीचा फोन आला.

त्या पाइपाचा खालचा बोल्ट अजून ढिला आहे. मी रोज सकाळी दुधाला जाताना तो हलवून बघतो. मंजुनाथ मला बघून आत पळायला बघतो, पण माझा आवाज पोचतो.

"मंजुनाथ, पाइप हलतोय. सांगितलं हं."

"गोत्तु मास्तर, गोत्तु!" तो आतूनच ओरडतो. माहीत आहे, माहीत आहे.

"माहीत आहे ना? बरं," मी म्हणतो, आणि दूध घेऊन घरी येतो.